टर्मिनलातून एफएफएमपेग रुसलंय, आयकॉनवरून मात्र चालतंय. भानगड काय?

अर्धविराम:

मंडळी, दोन दिवस डोकं पिकलंय. कमांडी आणि एरर देवनागरीत लिहितेय, रोमन अक्षरं मनातल्या मनात वाचून घ्या.

माझं काम सबटायटलचं. मजकूर लिहायचा, वेळा जुळवायच्या आणि शेवटी एफएफएमपेगने (व्हिडिओ-ऑडिओवर कमांडीने काम करणारा प्रोग्रॅम) तो मजकूर व्हिडिओवर कायमचा छापून द्यायचा. शनिवारी उबुंटू लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर गेले. अपग्रेड गुण्यागोविंदाने पार पडलं. शेवटी "आता न लागणारी जुनी पॅकेजेस काढू का?" असं विचारलं, मी चहाचा कप हातात धरून हो म्हटलं. सोमवारी नेहमीची कमांड दिली, तर:

एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबएक्स२६४.एसओ.१६३: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल

शोधाशोध केली. (एक्स२६४ ही व्हिडिओ एन्कोड करणारी लायब्ररी, म्हणजे दुसरे प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड, आणि १६३ हा तिच्या आवृत्तीचा आकडा.) १६३ कुठेच नाही, पण /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू मध्ये १६४ बसलेली आहे. म्हटलं, याला रस्ता सापडत नसेल. बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाइलीत, पाथच्या (कमांडी कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) शेवटी तो फोल्डर जोडला. तोच एरर. मग पाथच्या सुरुवातीला जोडला. तोच एरर. मग सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) १६३ नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल, केली आणि ती १६४ कडे वळवली. यावेळी निदान एरर तरी बदलला:

सिंबल लुकअप एरर: अनडिफाइन्ड सिंबल: एक्स२६४_एन्कोडर_ओपन_१६३

आता खरी गंमत. सबटायटलचा जो प्रोग्रॅम मी आयकॉनवरून उघडते, तो आतून एफएफएमपेगच वापरतो, आणि त्याला काहीही झालेलं नाही. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) एक स्क्रिप्ट क्लिपांच्या छोट्या आवृत्त्या करते, तीही सोमवारी रात्री बिनबोभाट चालली. मशिन तेच, युजर तोच, मग टर्मिनलनेच माझं काय घोडं मारलंय?

एक सांगायचं राहिलं. २२.०४ घातलं होतं तेव्हा एफएफएमपेग मी स्वतः सोर्सवरून बांधलं होतं, कारण आवाजासाठीचा एफडीके एएसी एन्कोडर हवा होता. ते होममधल्या "औजारे" फोल्डरात आहे. याचा संबंध असेल का? शुक्रवारी दोन एपिसोड द्यायचेत. सगळं पुसून नव्याने घालायची वेळ आणू नका, प्लीज.

दुपारचीझोप:

उबुंटूची पॅकेजेस बसवणाऱ्या आप्टला सांगा: सुडो आप्ट रिइन्स्टॉल एफएफएमपेग. पाच मिनिटांचं काम.

अर्धविराम:

केलं. आप्टने इमानेइतबारे उतरवलं, बसवलं, "झालं" म्हणाला. एरर जिथल्या तिथे.

कळफलक:

राहणारच. आप्टने त्याचं एफएफएमपेग नीट केलं, आणि ते मुळात बिघडलेलंच नव्हतं. बिघडलंय ते तुमचं. "सांगायचं राहिलं" म्हणून शेवटी जे लिहिलंत तिथेच सगळं आहे, ताई.

आधी ही कमांड द्या: टाइप -ए एफएफएमपेग. व्हिच नको. ते एकच नाव सांगून गप्प बसतं, आणि तुम्हाला आत्ता एक नाव नको, सगळी हवीत. माझा अंदाज, दोन ओळी येतील: वर औजारे फोल्डरातलं, खाली /यूएसआर/बिन मधलं. दुसरं सबटायटलच्या प्रोग्रॅमसोबत डिपेंडन्सी, म्हणजे त्याला लागणारं पॅकेज, म्हणून आलेलं असणार, तुम्हाला न विचारता.

आता गोंधळ कुठे झालाय ते सांगतो. तुमच्या मशिनवर शोधणारे दोन जण आहेत आणि तुम्ही एकाचं काम दुसऱ्याला सांगत होतात.

पहिला शोधणारा म्हणजे बॅश, टर्मिनलात तुमच्या कमांडी वाचून चालवणारा. तुम्ही "एफएफएमपेग" लिहून एंटर दाबलंत की तो पाथमधली फोल्डरांची यादी डावीकडून वाचायला लागतो. कोलनने तोडलेली यादी, बस. पहिल्या ज्या फोल्डरात त्या नावाची, चालवता येणारी फाइल भेटेल तिथे थांबतो. पुढे याहून चांगली आहे का, नवी आहे का, हे तो बघत नाही. बोर्न शेल आलं त्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून हा कारभार असाच चालू आहे. तुम्हाला त्याचा शोध कधीच अडला नव्हता. त्याला एफएफएमपेग सापडत होतं, फक्त औजारेमधलं. सापडलंच नसतं तर "कमांड नॉट फाउंड" आलं असतं. तो एरर आणि तुमचा एरर, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

दुसरा शोधणारा म्हणजे लोडर. प्रोग्रॅमची फाइल हातात आल्यावर तिला कुठकुठल्या लायब्ररी हव्यात ते वाचून त्या गोळा करून आणणारा. हा पाथकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याची स्वतःची यादी असते: एलडीकॉन्फिग कमांडीने तयार केलेला कॅश (लायब्ररींच्या पत्त्यांची जपून ठेवलेली यादी), ठरलेले लिब फोल्डर, कोणी एलडी_लायब्ररी_पाथ लावला असेल तर तो. तुम्ही पाथच्या शेपटीला जोडला काय आणि डोक्यावर बसवला काय, लोडरला पत्ताच नाही. शिवाय तो फोल्डर त्याला आधीपासून पाठ आहे. त्याला हवी होती १६३, आणि ती तुम्ही चहा पिता पिता काढून टाकलीत.

२२.०४ मध्ये पॅकेजचं नावच लिबएक्स२६४-१६३ होतं, २४.०४ मध्ये ते लिबएक्स२६४-१६४ आहे. आकडा नावातच ठेवतात, म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी नांदू शकतात. अपग्रेडने पाहिलं की आता कुठलंच पॅकेज १६३ मागत नाही, म्हणून ती "न लागणारी". तुमच्या औजारेमधल्या बांधकामाची आप्टकडे नोंदच नाही, मग ते मागतंय हे त्याला कळणार कसं?

सिमलिंकबद्दल. पुष्कळ लायब्ररींच्या बाबतीत ही चलाखी थोडा वेळ खपते आणि मग अवसानघात करते. एक्स२६४ वाले त्याहून बरे, दारातच अडवतात. त्यांनी आपल्या मुख्य फंक्शनच्या नावालाच आवृत्तीचा आकडा चिकटवलाय. तुमचं एफएफएमपेग "ओपन_१६३" या नावाने हाक मारतंय आणि १६४ च्या घरात त्या नावाचं कोणी राहत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे, आणि माझ्या मते उत्तम केलंय. चुकीच्या लायब्ररीवर चालून निम्मा व्हिडिओ हिरवा येण्यापेक्षा हे परवडलं.

एलडीडी (प्रोग्रॅमला हव्या त्या लायब्ररी दाखवणारी कमांड) लावून औजारेमधली फाइल तपासा, "नॉट फाउंड" कुठेकुठे येतंय ते दिसेल. एको करून पाथही दाखवा.

गाठसोडवी:

आयकॉनचं कोडं राहिलंच की. बॅशआरसी वाचतं कोण? टर्मिनल उघडल्यावर सुरू होणारं बॅश. आयकॉनवर क्लिक केल्यावर मधे बॅश नसतंच, प्रोग्रॅमला लॉगिनच्या वेळचा पाथ मिळतो. लॉगिनच्या वेळी वाचली जाणारी उबुंटूची डॉट-प्रोफाइल फाइल बॅशआरसीला हाक मारते हे खरं, पण बॅशआरसीच्या अगदी वरच्या ओळी वाचा: समोर माणूस बसून टाइप करत नसेल तर इथूनच परत जा, असं लिहिलेलं असतं. तुमच्या ओळी तळाशी, तिथवर कोणी पोचतच नाही. आणि क्रॉन तर त्याहून विरक्त, त्याच्याजवळ /यूएसआर/बिन आणि /बिन एवढंच. थोडक्यात, दिवसा तुम्ही औजारेमधलं एफएफएमपेग वापरत होतात आणि रात्री स्क्रिप्ट सिस्टिमचं. पहिल्या दिवसापासून.

अर्धविराम:

टाइप -ए ने खरंच दोन्ही ठिकाणं दाखवली, सांगितलेल्या क्रमाने. एलडीडीत एकच "नॉट फाउंड", १६३ चा. (सिमलिंक मी मधे एकदा काढून परत घातली होती, एलडीडी काढलेली असताना चालवलं.)

पाथ देतेय, हसू नका:

/होम/मी/औजारे/बिन:/होम/मी/औजारे/बिन:/यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू:/होम/मी/औजारे/बिन::/यूएसआर/लोकल/सबिन:/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/सबिन:/यूएसआर/बिन आणि पुढे नेहमीचं.

दुपारचीझोप:

हसलो नाही. माझ्यात एकदा एकच फोल्डर अकरा वेळा होता. दरवेळी बॅशआरसी सोर्स केली, म्हणजे चालू टर्मिनलात पुन्हा वाचायला लावली, की ओळ पुन्हा चालते आणि आधीच्या पाथला आणखी एकदा चिकटते. त्रास काही नाही, फक्त वाचवत नाही.

बाकी, १६३ चं जुनं डेब पॅकेज उतरवून टाकलं तर? शेजारी शेजारी नांदतात म्हणताय ना.

कळफलक:

चालेल. शुक्रवारपर्यंत नक्की चालेल. पण त्या पॅकेजला २४.०४ कडून एकही सुरक्षा दुरुस्ती येणार नाही, आणि वर्षभराने ते का घातलं होतं हे कोणालाच आठवणार नाही. आणि कोणी एलडी_लायब्ररी_पाथ बॅशआरसीत टाकायला सांगितलं तर ऐकू नका. मग त्या टर्मिनलातून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्या फोल्डरात आधी डोकावतो.

तुमच्या पाथमध्ये पुनरुक्तीपेक्षा मला ते दोन कोलन खटकले. दोन कोलनांमधली रिकामी जागा म्हणजे "आत्ता जिथे उभे आहात तो फोल्डर". आणि ती /यूएसआर/बिन च्या आधी आहे. कोणी पाठवलेली झिप उघडलीत, त्यात एलएस नावाची चालवता येणारी फाइल असली आणि तिथे उभं राहून तुम्ही एलएस दिलंत, तर चालेल ती त्या पाहुण्याची. ते आधी काढा.

मग बॅशआरसीमधल्या पाथच्या तुमच्या सगळ्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह (#) टाकून त्या झोपवा, आणि औजारेचं नाव तात्पुरतं बदला. पुसू नका.

अर्धविराम:

ओळी झोपवल्या, सोर्स केलं, फोल्डरचं नाव "औजारे-जुनी" केलं. आता म्हणतंय:

बॅश: /होम/मी/औजारे/बिन/एफएफएमपेग: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

अहो, नसलेल्या फोल्डरात कशाला जाताय! /यूएसआर/बिन मध्ये आहे ना धडधडीत!

गाठसोडवी:

दोन गोष्टी एकत्र झाल्या. एक, ओळ झोपवून सोर्स केल्याने पाथमध्ये आधीच शिरलेलं बाहेर येत नाही. ती ओळ जोडायची होती, वजा करणारी ओळ तर तुम्ही लिहिलीच नाही. दोन, बॅश एकदा सापडलेल्या कमांडीचा पत्ता लक्षात ठेवतं, दरवेळी यादी वाचत बसत नाही. घर पाडलं तरी त्याच पत्त्यावर जातं. ते पत्ते विसरायला लावणारी हॅश -आर ही कमांड द्या, किंवा सरळ ते टर्मिनल बंद करून नवं उघडा. नव्या टर्मिनलात दोन्ही दुखणी एकदमच जातील.

अर्धविराम:

नवं टर्मिनल. टाइप -ए ला एफएफएमपेगच्या दोनच ओळी, /यूएसआर/बिन आणि /बिन. आवृत्ती ६.१. चाललं! दोन कशा पण?

गाठसोडवी:

/बिन ही हल्ली /यूएसआर/बिन कडे बोट दाखवणारी सिमलिंक आहे. फाइल एकच.

अर्धविराम:

बरं. आता एफडीकेचं काय? सिस्टिमच्या एफएफएमपेगमध्ये तो एन्कोडर नाहीये, म्हणून तर बांधायचा घाट घातला होता. १६४ वर पुन्हा बांधू?

कळफलक:

नसतोच. त्याचा परवाना जीपीएलशी, म्हणजे एक्स२६४ च्या मुक्त परवान्याशी, जुळत नाही, त्यामुळे तो घालून बांधलेलं एफएफएमपेग वाटता येत नाही, स्वतःपुरतं बांधावं लागतं. बांधायचंच तर लिबएक्स२६४-डेव्ह असल्याची खात्री करा, नाहीतर बांधणीआधी चालवायची कॉन्फिगर स्क्रिप्ट "एक्स२६४ नॉट फाउंड" म्हणून थांबेल. लायब्ररी चालवायला साधं पॅकेज पुरतं, बांधायला डेव्ह लागतं. आणि तयार झालेल्या फाइलला एफएफएमपेग हे नाव देऊ नका. एफएफएमपेग-एफडीके म्हणा आणि डॉट-लोकल/बिन मध्ये ठेवा. उबुंटूचं डॉट-प्रोफाइल तो फोल्डर असला तर लॉगिनच्या वेळी पाथमध्ये आपोआप घेतं, म्हणजे आयकॉनवाल्यांनाही दिसतो. फोल्डर नव्याने केलात तर एकदा लॉगआउट करावं लागेल. नाव वेगळं असलं की कोणी कोणाच्या पुढ्यात येत नाही, आणि मोडलं तर काय मोडलं ते नावावरूनच कळतं.

पण आधी तुमची ती "नेहमीची कमांड" पूर्ण दाखवा बघू.

अर्धविराम:

एफएफएमपेग -आय भाग.एमकेव्ही -व्हीएफ सबटायटल्स=भाग.एएसएस -सी:व्ही लिबएक्स२६४ -सीआरएफ १८ -सी:ए कॉपी तयार.एमपी४

कळफलक:

-सी:ए कॉपी.

म्हणजे आवाज जसाच्या तसा उचलून नव्या फाइलमध्ये ठेव. एन्कोडर लागतच नाही, ना एफडीके ना दुसरा कुठला.

अर्धविराम:

पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले होते.

एफडीकेचा आवाज सर्वांत चांगला असं तेव्हा कुठेतरी वाचलं होतं. ते बांधायला एक अख्खा रविवार गेला होता. आणि ही कमांड मी तेव्हापासून एका वहीतून उतरवून घेतेय, त्यात पहिल्या दिवसापासून कॉपी लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात.

पहिला एपिसोड सिस्टिमच्या एफएफएमपेगवर लावलाय, अर्ध्यावर आलाय. औजारे-जुनी एपिसोड पोचते झाले की उडवते.

कळफलक:

सावकाश उडवा. सिमलिंक काढलीत का? सुडो करून सिस्टिमच्या फोल्डरात घातलेली ती १६३?

अर्धविराम:

अगंबाई. ती परत घातलेलीच राहिली.

काढली. काढायच्या आधी डीपीकेजी -एस ला विचारलं ही फाइल कोणाची, तर म्हणालं कुठल्याच पॅकेजची नाही.