लेन्समुळे संध्याकाळी डोळे टोचतात

प्रश्न : महिन्याने बदलायच्या सॉफ्ट लेन्स मी कार्यालयात दिवसभर घालतो. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत कचरा गेल्यासारखे टोचू लागते आणि लेन्स काढल्यावर बुबुळाभोवती लालसर कडा दिसते. हा वातानुकूलित खोलीचा परिणाम असावा का?

प्रतिसाद १ : तिचा वाटा आहेच, शिवाय संगणकाकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि लेन्सवरचा अश्रूंचा थर लवकर तुटतो. लालसर कडेकडे मात्र दुर्लक्ष करू नये. कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसल्याने त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून अश्रूंमार्गे मिळतो, आणि तो दीर्घकाळ अपुरा पडल्यास कडेच्या रक्तवाहिन्या आत शिरू लागतात. सिलिकॉन हायड्रोजेल या पदार्थाच्या लेन्समधून जुन्या हायड्रोजेलपेक्षा बराच अधिक प्राणवायू जातो. आपली लेन्स कोणती, हे तपासणीत विचारावे.

प्रतिसाद २ : डबीतल्या कालच्या द्रावणावरच नवे ओतणे आणि डबी नळाखाली विसळणे या दोन्ही गोष्टी (आपल्याकडे सर्रास चालतात!) टाळाव्यात. नळाच्या पाण्यातील अकँथअमीबा या एकपेशीय सूक्ष्मजीवाचा संसर्ग कॉर्नियाला झाला, तर उपचार कित्येक महिने चालू शकतात.

प्रश्नकर्ता : तोपर्यंत लेन्सवरच थेंब घातले तर चालतील का?

प्रतिसाद १ : लेन्ससाठी योग्य असे लिहिलेले, संरक्षकविरहित (थेंब टिकवणारे रसायन नसलेले) थेंबच घालावेत, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे संरक्षक सॉफ्ट लेन्समध्ये मुरते आणि कॉर्नियाच्या पृष्ठभागाला त्रास देत राहते. दुखू लागले, उजेड सहन होईना किंवा पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि लेन्स डबीसह सोबत न्यावी.