शिलाई मशीनचा 'शँक' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न
आईच्या काळ्या पायमशीनला चेन लावायचा फूट घ्यायचाय. ऑनलाइन कुठे 'लो शँक', कुठे 'हाय शँक' असं लिहिलेलं असतं. शँक म्हणजे फुटाची उंची का? मराठीत काय म्हणतात?

प्रतिसाद
इंग्रजीत शँक म्हणजे नडगी. कापड दाबतो तो फूट, आणि त्याला वरच्या दांडीशी जोडणारा उभा भाग तो शँक. पण दुकानात नडगी मागू नका, शँकच म्हणा :)

मोजताना फूट खाली सोडा. वर उचललेला असताना माप घेतलं की हमखास चुकतं. प्लेटपासून फूट आवळायच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत टेप धरा. पाऊण इंचाच्या आसपास आलं तर लो, सव्वा इंच आलं तर हाय. सुतात सांगायचं तर सहा आणि दहा.

प्रतिसाद
नऊ सूत आलं तर? अमेरिकेत जुनी मशीनं बघताना हे माप भेटतं. सिंगरचं ३०१, ४०१ वगैरे. त्यांचा शँक 'स्लँट', म्हणजे तिरका. पण तिथे टेप काढायचीही गरज नाही, बाजूने पाहिलं की सुईच तिरकी दिसते.

प्रतिसाद
आमच्याकडे कारखान्यातल्या कुठल्याही मशीनला सर्रास 'जुकी' म्हणतात, आणि ती सहसा हाय शँक असतात. म्हणून 'जुकीचा फूट' मागितला की दुकानदार लांब फूट देतो. तो घरच्या मशीनला बसत नाही. उलट लो शँकचा फूट हाय शँकच्या मशीनला लावला तर प्लेटच्या अर्धा इंच वर लोंबकळतो, कापडाला टेकतच नाही. त्यावर ॲडॉप्टर मिळतो. पहिल्या अडचणीवर मात्र इलाज नाही, लांब फूट आखूड कसा करणार?

आणि पाकिटावरच्या 'युनिव्हर्सल' शब्दाला भुलू नका. त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'लो शँकच्या घरगुती मशीनला चालेल' एवढाच.

प्रतिसाद
'स्नॅप ऑन' हा शँकचा आणखी एक प्रकार समजून लोक गोंधळतात. खटका दाबून फूट निघतो तो स्नॅप ऑन. खटक्याचा तुकडा ज्या स्क्रूने बसवलेला असतो, माप तिथपर्यंतच घ्यायचं.

प्रश्नकर्ती
मोजलं, सहा सूत. स्क्रू गंजलाय, आधी तेल सोडते.