अकरा महिन्यांचा नोटरी करार भाडेकरूने मान्य करावा का?

उंबरठा:
'अकरा महिन्यांचंच तर आहे, नोटरी करून टाकू, रजिस्ट्रेशन लागत नाही.' पुण्या-मुंबईत एजंट हे आजही बिनदिक्कत सांगतात. माझ्या मते भाडेकरूने साफ नाही म्हणावं. वर्षभराच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, ही १९०८ च्या नोंदणी कायद्यातली गोष्ट. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ लागू आहे. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारं करारपत्र, कितीही महिन्यांचं असो, ते लेखी आणि नोंदणीकृतच हवं. जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून हिशोब देतो. भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००, मुदत १२ महिने. भाड्याचे २,४०,०००, डिपॉझिटवर १० टक्के दराने धरलेलं व्याज ६,०००. या २,४६,००० वर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण सहाशे-सातशे रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००. कागद हाताळणीचे थोडे पैसे सोडले तर बाकीचे एजंटचे.

तिसरा जिना:
कायद्याबद्दल वाद नाही, पण भाडेकरूने त्यासाठी अडून का बसावं? तेच कलम ५५ पुढे काय म्हणतं बघा. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. आणि करार नोंदवला की कलम २४ मालकाच्या हातात येतं. मुदत संपून घर सोडलं नाही तर तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा ताब्याच्या अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो, ताबा मिळेपर्यंत भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागतो. भाडेकरूला समन्सनंतर ३० दिवसांत शपथपत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते. नोंदणीचा खरा फायदा मालकाचा आहे, तर खर्चही त्यानेच करावा.

उंबरठा:
खर्च मालकाने करावा, हे मान्य. पण 'म्हणणं खरं धरतात' ही सोय कोर्टात गेल्यावरची. घर सोडताना मालक डिपॉझिटमधून रंगाचे पंधरा हजार कापतो, तेव्हा कोर्ट कुठे असतं? तिथे कागद बोलतो. शिवाय पुरेसं मुद्रांक शुल्क न भरलेला नोटरी कागद पुरावा म्हणून वाचायलाच अडचण येते. पासपोर्टसाठी पत्ता दाखवतानाही नोंदणीकृत करारच बिनघोर चालतो.

तिसरा जिना:
डिपॉझिटचं नेमकं तेच सांगतोय! सक्षम प्राधिकारी मालकाला ताबा देतो, भाडेकरूचं डिपॉझिट वसूल करून देत नाही. त्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो, आणि साठ हजारांसाठी तो कितीजण लावतील? नोंदणीने ही भोकं बुजत नाहीत.

गच्चीवरची टाकी:
दोघांचंही अर्धं बरोबर. भोकं अटींनी बुजतात, पण त्या सही करायच्या आधी घालाव्या लागतात. डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या, आणि त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा संदर्भ क्रमांक) करारात लिहून घ्या. साठ हजारांच्या डिपॉझिटपैकी करारात २०,००० आणि रोख हातात ४०,००० असा प्रकार सर्रास चालतो. त्यातले वरचे चाळीस कागदावर नसतातच. 'ताबा देताना त्याच दिवशी परत' ही ओळ हवी. रंगरंगोटीची कपात कधी आणि किती, हे आकड्यात लिहा. गिझर, पंखे, नळ यांची यादी आणि मीटरचं रीडिंग परिशिष्टात जोडा. लॉक-इन (करार मोडता येत नाही असा सुरुवातीचा काळ) असेल तर दोघांना सारखाच बांधील असू दे. छापील मसुद्यात तो बहुतेक वेळा भाडेकरूपुरताच असतो, आणि घाईत कुणी वाचत नाही.

ऑनलाइन नोंदणीत अंगठा देण्याआधी ड्राफ्टमधला फ्लॅट नंबर, विंग आणि मालकांची नावं इंडेक्स टूशी (नोंदणी कार्यालयातला घराच्या खरेदीचा उतारा) ताडून बघा. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांचे अंगठे लागतात. नंतर चूक सापडली तर दुरुस्तीपत्र करावं लागतं, त्याला परत पैसे. वयस्कर मालकांचे ठसे मशीन घेत नाही, हे नेहमीचं. तेव्हा अंगठ्याऐवजी दुसरं बोट लावून बघा.