मेंदूतली इजा वाढत नाही, मग लेकाचे पाय जास्त ताठ का होतायत?

मुलगा साडेतीन वर्षांचा. तिसाव्या आठवड्यात झाला, वजन सव्वा किलो. दीड वर्षाचा झाला तरी आधाराशिवाय बसेना, तेव्हा एमआरआय झाला आणि सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडण्याचं, निदान झालं. त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे हातांपेक्षा पायांवर परिणाम जास्त. बोलतो भरपूर, आपल्या हाताने वरणभात खातो. वॉकर धरून चालतो, पण चवड्यांवर, आणि पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात.

मेंदूला झालेली इजा वाढत जाणार नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्याच एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली. पण गेल्या दिवाळीत त्याला उभं केलं की टाचा टेकायच्या, आता टेकत नाहीत. चड्डी घालताना मांड्या लांब करायला जोर लागतो. ताप असला तरच व्यायाम चुकतो, एरवी नाही. मग माझं काही चुकतंय का? सासूबाई म्हणतात मालिश वाढव. डॉक्टरांनी पोटरीत बोटॉक्स सुचवलंय, त्याची भीती वाटते. कुणी नीट समजावून सांगाल का?

प्रतिसाद १
ताई, मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचं काहीही चुकलेलं नाही. इजा मेंदूत आहे, पण 'आता सैल सोड' हा निरोप पोटरीपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून स्नायू आखडलेला राहतो. स्नायू लांब व्हायला तो रोज ताणला जावा लागतो, वापरला जावा लागतो. या वयात हाडं मात्र भराभर वाढतात. हाड पुढे जातं, स्नायू मागे राहतो आणि टाच वर उचलली जाते. मेंदूतलं दुखणं न वाढताही पाय ताठ होतात ते असे.

मालिशने त्याला बरं वाटेल, जरूर करा, पण तेवढ्याने स्नायू लांब होत नाही. बोटॉक्सने स्नायू साधारण तीन महिने ढिला पडतो, आणि खरं काम त्या तीन महिन्यांतच करायचं असतं: ताण देणं, स्प्लिंट (पाऊल नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार), उभं राहण्याचा सराव. नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर फायदा विरून जातो.

मला जास्त काळजी मांड्यांची वाटते. आतले स्नायू ओढत राहिले तर खुब्याचा सांधा हळूहळू सरकतो, आणि सुरुवातीला मूल दुखतंय असं म्हणतही नाही. खुब्याचा एक्स-रे झालाय का? आणि आधी येणारी एखादी गोष्ट, बोलणं किंवा हाताने खाणं, बंद पडत असेल तर लगेच मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा.

प्रतिसाद २
माझी मुलगी चौदाची आहे, तिला तीनदा बोटॉक्स दिलंय. पहिल्या वेळी दोन दिवस पाय दुखले, तेवढंच. अपंगत्वाचा दाखला काढला नसेल तर आधी काढा. त्यावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंतचा विमा मिळतो, थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

मूळ लेखिका
दोघींचे मनापासून आभार. एक्स-रे कधीच काढलेला नाही, कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी जाते. अजून एक विचारते, स्प्लिंट रात्री झोपेतही घालायचं का? तो रडून काढून टाकतो.