पिंजऱ्यांना मर्यादा आहे, मग खलाशांच्या संख्येला का नाही?

प्रश्न:
कॅलिफोर्नियातील डंजनेस खेकड्यांच्या व्यापारी मासेमारीचे नियम वाचत आहे. एका परवान्यावर किती पिंजरे टाकावेत हे कायद्याने ठरवून दिले आहे, पण नौकेवर जास्तीत जास्त किती खलाशी असावेत याचा आकडा कुठेच आढळला नाही. माणसे वाढवली तर पकडही वाढेल, असे मला वाटते. मग हा भेद कशासाठी?

उत्तर १:
खेकडा पकडतो तो पिंजरा, आणि तो रात्रंदिवस आपले काम करतच असतो. खलाशी कितीही वाढवले तरी पाण्यात आहेत तेवढेच पिंजरे ते उचलणार. म्हणून पकडीवर लगाम घालायचा तर पिंजरे मोजणेच सोपे. तिथे २०१३-१४ च्या हंगामापासून परवान्यांचे सात स्तर केलेले आहेत, वरच्या स्तराला ५०० आणि सर्वांत खालच्याला १७५ पिंजरे. प्रत्येकाचा स्तर आधीच्या हंगामांत त्याने विकलेल्या मालावरून ठरला, त्यामुळे मोठे होते ते मोठेच राहिले. हे मला फारसे न्याय्य वाटत नाही.

उत्तर २:
केवळ संख्येवर थांबू नका. प्रत्येक पिंजऱ्याला सव्वाचार इंच व्यासाची किमान दोन कडी लागतात, ज्यांतून लहान खेकडे निसटतात (विक्रीसाठी नर, तोही किमान सव्वासहा इंच रुंदीचा लागतो). शिवाय झाकण साध्या सुती दोरीने अडकवलेले असते. बोया तुटून पिंजरा तळाशी हरवला, तर काही काळाने ती दोरी कुजते, झाकण सुटते आणि आत अडकलेले खेकडे बाहेर पडतात. नायलॉनची दोरी असती, तर तोच पिंजरा वर्षानुवर्षे खेकडे मारत राहिला असता. आता तुमच्या खलाशांकडे येतो: हवामान ठीक असेल, तर प्रत्येक पिंजरा ९६ तासांच्या आत उचलून साफ करावाच लागतो. पिंजरे जितके जास्त, तितके ते वेळेत उचलायला हात जास्त लागतात, म्हणजे कायद्याने आकडा दिला नसला तरी मनुष्यबळाची गरज काही अंशी त्यातून ठरते.

उत्तर ३:
खलाशांवर बंधने नाहीत, असे मात्र समजू नये. मासेमारीत हात लावणाऱ्या खलाशालाही स्वतःचा परवाना लागतो, आणि २० सकल टन (नौकेच्या आकारमानाचे माप) किंवा त्याहून मोठ्या नौकांवर सफरीपूर्वी लेखी करार करणे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने आवश्यक आहे. मोबदला बहुधा पकडीतील हिश्श्याच्या रूपाने मिळतो. खलाशांना खरा धक्का मात्र संख्येचा नियम न करताही बसू शकतो. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात २००५ मध्ये वैयक्तिक कोटा पद्धत (एकूण पकडीतला ठरावीक हिस्सा ज्याच्या त्याच्या नावावर) आली, तेव्हा ब्रिस्टल उपसागरातील लाल किंग खेकड्याच्या नौका एका वर्षात सुमारे अडीचशेवरून शंभराच्या आत आल्या आणि शेकडो खलाशांची जागा गेली. सुरुवातीला ‘कर्मचाऱ्यांसाठी’ म्हणून राखलेला ३ टक्के कोटा मिळाला तो कप्तानांना. डेकवर राबणाऱ्यांच्या वाट्याला काही आले नाही.