टेक्सासच्या एज्युकेशन फ्रीडम अकाउंटबद्दल मदत हवी आहे

टेक्सासच्या सिनेट बिल 2 वर (मुलांच्या खाजगी शाळेच्या खर्चासाठी एज्युकेशन फ्रीडम अकाउंटमधून राज्याचे पैसे देणारा कायदा; मे 2025 मध्ये गव्हर्नर अ‍ॅबट यांची सही, 2026-27 पासून लागू) तीन ठिकाणी अडलंय.

पहिलं, उत्पन्न. चौघांचं कुटुंब, वर्षाला 61,000 डॉलर. 2025 च्या दारिद्र्यरेषेनुसार (32,150) 200 टक्के म्हणजे 64,300, म्हणजे आम्ही जेमतेम आत. ही मर्यादा महत्त्वाची, कारण अर्ज पैशापेक्षा जास्त आले की आधी 500 टक्क्यांच्या आतल्या कुटुंबांतली अपंगत्व असलेली मुलं आणि त्यानंतर 200 टक्क्यांच्या आतली कुटुंबं असा क्रम लागतो. यात सहा महिने येऊन राहणारे आजी-आजोबा कुटुंबात धरतात का? आणि ओव्हरटाइममुळे एखादं वर्ष वर गेलं तर?

दुसरं, धाकट्याला बोलण्याची अडचण आहे. 30,000 डॉलरपर्यंतच्या वाढीव रकमेला सरकारी शाळेचा आयईपी (मुलासाठी बनवलेला विशेष शिक्षणाचा लेखी आराखडा) लागतो. पालकांनी संमती दिल्यावर तपासणी अहवालाला 45 शालेय दिवसांची मुदत. सुट्ट्या धरल्या तर हे दोन महिन्यांच्या वर जातं. खाजगी स्पीच थेरपिस्टचा अहवाल जोडून काम भागलंय का कुणाचं? शिवाय खाजगी शाळेत गेल्यावर विशेष शिक्षणाचे केंद्रीय कायद्यातले हक्क तसेच राहत नाहीत, त्यामुळे घाई करवत नाही.

तिसरं, मुलं एच-4 वर (एच-1बी सारख्या कामाच्या व्हिसावरच्या व्यक्तीच्या कुटुंबाचा व्हिसा) आहेत. कायद्यातल्या 'कायदेशीर प्रवेश' या शब्दांत ती बसतात का?

पैसे हातात येत नाहीत, मंजूर शाळा-विक्रेत्यांनाच जातात, हे माहीत आहे. ह्यूस्टन-डॅलसकडच्या ज्यांनी प्रत्यक्ष अर्ज भरलाय, त्यांनी कोणती कागदपत्रं परत आली तेवढं नक्की लिहा.