‘स्वातंत्र्य दिलंय’: इथे ‘देणे’ चालतं का?

नौपाडकर
रविवारी भाचीला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा आला आणि मुलाची आई म्हणाली, “आम्ही थोरल्या सुनेला पूर्ण स्वातंत्र्य दिलंय हो. नोकरी करते, ड्रेस घालते.” भाची पोह्यातली मिरची बशीच्या कडेला सारत होती, तिचा हात तिथेच थांबला. नंतर जिन्यात मला म्हणाली, “मामा, दिलंय म्हणजे परतही घेता येतं ना?” तेव्हापासून डोक्यात तेच. ‘स्वातंत्र्य’ला ‘देणे’ लागतं का?

वाशीची खाडी
तिथे ‘मुभा’ हवा होता. हा शब्द अरबी ‘मुबाह’वरून आलेला. धर्माने ज्याची आज्ञाही केली नाही आणि मनाईही केली नाही, ते मुबाह. मराठीत आल्यावर मात्र त्याच्यामागे देणारा येऊन उभा राहिला. साहेब मुभा देतात, सोसायटीची कमिटी मुभा देते. ‘मोकळीक’ही तशीच, फक्त जरा मायेची. बाईंनी दिली होती मुभा, शब्द तेवढा भारीतला काढला.

व्याकरणवेडी
पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘स्वतन्त्रः कर्ता’. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. आता आपली वाक्यं बघा. ‘मला स्वातंत्र्य मिळालं’ यात कर्ता कोण? स्वातंत्र्य! ‘मला’ बिचारं चतुर्थीत हात पसरून बसलंय. ‘सासूने सुनेला स्वातंत्र्य दिलं’ यात सासू कर्ती, सून पुन्हा चतुर्थीत. ‘मी स्वातंत्र्य मिळवलं’ म्हटलं की कुठे मी कर्ता होते. 1947 बद्दल आपण सर्रास ‘मिळालं’ म्हणतो, तेही मला खटकतं.

वाशीची खाडी
ताई, ‘मिळालं’वर एवढं रागावू नका. नोकरीही ‘मिळते’, म्हणून काय मुलाखत दिलेली नसते? पण शब्दाच्या पावित्र्याबद्दल म्हणाल, तर मनुस्मृतीत हाच शब्द आहे, ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’. तिथलं क्रियापद ‘अर्ह’, म्हणजे लायक असणे. ‘देणे’च्या पोटात तेच दडलंय असं मला वाटतं. आधी कुणीतरी लायकी ठरवायची, मग द्यायचं. बाबासाहेबांच्या पुढाकाराने 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती या ‘ठरवणाऱ्यां’च्या विरोधात.

कोर्टनाका
उशिरा येतोय. कारागृहाच्या फाटकाबाहेर नातेवाईक पिशवीत कपडे घेऊन उभे असतात. विचारतात, “सुटला का?” इतक्या वर्षांत ‘स्वतंत्र झाला का’ असं कुणी विचारलेलं ऐकलं नाही. सुटायला आधी कुणी बांधावं लागतं.

आता क्रियापदाचं. हा काथ्याकूट नाही, यावर सर्वोच्च न्यायालयात भांडण झालंय. संविधानाचा अनुच्छेद 21 ‘जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य’ देतो असं लिहिलेलंच नाही. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय ते हिरावून घेता येणार नाही, असं लिहिलंय. हिरावायचं तर आधी ते असावं लागतं. 1976 मध्ये, आणीबाणीत, विनाचौकशी डांबलेल्यांची प्रकरणं आली, तेव्हा चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली: अनुच्छेदाची अंमलबजावणी स्थगित, म्हणून दादही मागता येणार नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. नंतर त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं. 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ जणांच्या पीठाने तो निकाल पुसला. व्यक्तिस्वातंत्र्य संविधानाने निर्माण केलेलं नाही, ते माणसाकडे आधीच असतं, असं तिथे आलं. म्हणजे 41 वर्षं ‘देणे’ की ‘असणे’ एवढ्यावर गेली म्हणा ना.

व्याकरणवेडी
काका, मग उद्देशिकेत ‘निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा’ आहे त्याचं काय? तिथे सरळ ‘देणे’ आहे.

कोर्टनाका
आहे. पण त्या वाक्याचा कर्ता बघ, तुझाच विषय आहे. ‘आम्ही, भारताचे लोक’. घेणारे कोण, तर ‘सर्व नागरिक’. शेवटी तर ‘स्वतःप्रत अर्पण’. देणारा तोच, घेणारा तोच. सासू-सुनेचं तसं नसतं.

वाशीची खाडी
रखमाबाईंचंही लिहायला हवं. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, मोठेपणी नांदायला जायचं नाकारलं. नवऱ्याने मुंबईत दावा लावला. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल. पुढच्या वर्षी तडजोड झाली, तुरुंग टळला, मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. या सगळ्यात कुणी कुणाला काही ‘दिलं’ असं कुठे दिसतं का? ‘नाही जाणार’, एवढंच. मला वाटतं स्वातंत्र्याचं अस्सल मराठी क्रियापद ‘नाकारणे’ असावं. कोशात मिळणार नाही.

नौपाडकर
भाचीला हे सगळं वाचून दाखवलं. ‘चतुर्थीत हात पसरून’ला खूप हसली. पाहुण्यांचा होकार आलाय. तिला विचारलं, काय कळवू? म्हणाली, “जरा वेळ दे.” मग स्वतःच थांबून म्हणाली, “नको, वेळ घेतेय म्हणून सांग.”